न वाजलेला स्ट्रोक

डाउन, डाउन-अप, अप-डाउन-अप. गिटार शिकायला बसलेल्याच्या तोंडी पहिल्या महिना-दोन महिन्यांत हे शब्द बसतातच. बोटांची टोकं अजून दुखत असतात, ‘एफ’ कॉर्डचं नाव काढलं की चेहरा पडत असतो, पण एवढा एक पॅटर्न हातात बसला की त्याच्या जोरावर ढीगभर गाणी निभावून नेता येतात. युकुलेले वाजवणारे त्याला ‘आयलंड स्ट्रम’ म्हणतात. मूळचे टास्मानियाचे गिटारशिक्षक जस्टिन सँडरको यांनी आपल्या पाठांत त्याचं नाव ‘ओल्ड फेथफुल’ ठेवलं आहे. समोर नवं गाणं आलं आणि काय वाजवावं ते सुचेना, तर हा हाताशी आहेच.

इतक्या वापरातल्या गोष्टीचं रसग्रहण सहसा कोणी करत नाही. एखाद्याने राग आळवला तर त्यावर लिहितात, गिटारवर सोलो वाजवला तरी लिहितात. साथीच्या वाट्याला ‘समर्पक साथ केली’ एवढं एक वाक्य येतं आणि तेही शेवटच्या परिच्छेदात. मला मात्र हा सहा स्ट्रोकांचा पॅटर्न एक पक्की, बांधेसूद रचना वाटते. ती रचना उलगडून दाखवणारं ऑनलाइन व्हिडिओइतकं चांगलं साधन आजवर झालेलं नाही, असंही माझं मत आहे. क्लास घेणाऱ्यांनी रागावू नये. कारण पुढे येईलच.

आधी रचना मोजून घेऊ. चार ठोक्यांचं एक आवर्तन. प्रत्येक ठोक्याचे दोन भाग केले की आठ जागा होतात. शिक्षक मोजतात, ‘वन अँड टू अँड थ्री अँड फोर अँड’. आकड्यावर हात खाली येतो, ‘अँड’वर वर जातो. आठही जागा वाजवल्या तर ती नुसती खरखर होते. म्हणून दोन जागा गाळायच्या. ‘वन’च्या पुढचा ‘अँड’ गाळायचा आणि ‘थ्री’ गाळायचा. उरले सहा. ‘वन’ला डाउन. ‘टू अँड’ला डाउन-अप. ‘थ्री’ कोरा. त्याच्या ‘अँड’ला अप. ‘फोर अँड’ला पुन्हा डाउन-अप.

पहिली गाळलेली जागा साधीच आहे. आवर्तन उघडलं, कॉर्ड पूर्ण वाजली, तिला घुमायला थोडी सवड दिली, एवढंच. खरी गंमत दुसऱ्या जागेत आहे. तिसरा ठोका म्हणजे आवर्तनाचा मध्य. तिथे पाय आपटला जातो, मान हलते. नेमका तिथेच गिटारचा आवाज नाही. दुसऱ्या ठोक्याच्या शेवटी वर ओढलेला सूर त्या रिकाम्या जागेवरून लांबत जातो आणि ‘थ्री’ उलटून गेल्यावर पुढचा अप येतो. ऐकणाऱ्याचं अंग ती जागा स्वतःच भरून काढतं. सहा स्ट्रोकांमध्ये सगळ्यात जोरकस ठोका ऐकणाऱ्याच्या पायाचा असतो आणि वाजवणाऱ्याने तो मुद्दाम त्याच्यावर सोडलेला असतो. ही युक्ती ज्याला सुचली त्याचं नाव कुठे नोंदलेलं नाही. लोकांच्या हातांतूनच ती घडली असणार.

नवशिक्याचा घोटाळाही इथेच होतो. तो तोंडाने ‘डाउन, डाउन-अप, अप-डाउन-अप’ म्हणत वाजवतो. त्यात ‘थ्री’ कुठे आहे? कुठेच नाही. दोन ‘अप’ शेजारी शेजारी येऊन बसतात. हात एकदा वर गेला, आता परत वर कुठे नेणार? मग तो तारांच्या वर थबकतो, दचकल्यासारखा खाली येतो आणि कसाबसा वर ओढला जातो. लय तिथेच तुटते. तबला शिकणाऱ्याला टाळी-खाली हातावर दाखवत पढंत करायला लावतात त्यामागे हाच विचार आहे. बोल तोंडात आणि काळ हातात ठेवला की बोलांमध्ये कितीही जागा सुटली तरी मात्रा हरवत नाही. गिटारच्या विद्यार्थ्याने स्ट्रोकांची नावं म्हणण्याऐवजी आकडे म्हणावेत, कारण आकडे म्हणताना ‘थ्री’ गिळता येत नाही.

उत्तर अगदी साधं आहे. दोन अपच्या मध्ये हात खाली जातोच, फक्त तारांना न शिवता. याला ‘घोस्ट स्ट्रोक’ म्हणतात. हात आठही जागांवर अखंड खाली-वर होत राहतो. कोणत्या जागी तारांना भिडायचं आणि कोणत्या जागी अंगठ्याच्या रुंदीएवढं अंतर ठेवून निघून जायचं, एवढंच पॅटर्न ठरवतो.

आता ही गोष्ट शिकणाऱ्याला कळणार कशी? ब्रिटनमध्ये बर्ट वीडन यांचं ‘प्ले इन अ डे’ हे पुस्तक १९५७ साली निघालं आणि जॉर्ज हॅरिसन, एरिक क्लॅप्टन यांच्यासारख्यांनी सुरुवात त्याच्यावर केली. पुस्तकात कॉर्डचं चित्र छापता येतं, डाव्या हाताची बोटं कुठे ठेवायची तेही दाखवता येतं. उजव्या हाताची हालचाल मात्र बाणांवर भागवावी लागते आणि न वाजणाऱ्या स्ट्रोकचा बाण सहसा छापत नाहीत. रेकॉर्डवरून शिकणाऱ्याची अडचण आणखी वेगळी. रेकॉर्डमध्ये ‘थ्री’ला शांतता ऐकू येते, पण त्या शांततेत वाजवणाऱ्याचा हात थांबला होता की तारांवरून हवेतून गेला होता, हे कान सांगू शकत नाही. शिवाय अवघड जागा सावकाश ऐकायची तर ३३च्या वेगाची रेकॉर्ड १६वर लावायची, आणि मग सूर थेट सप्तकभर खाली उतरायचा. कॉर्ड ओळखायची तरी कशी?

व्हिडिओत हे दोन्ही प्रश्न सुटतात. यूट्यूबवर वेग अर्धा केला तरी सूर जागेवर राहतो. हात तर दिसतोच. सँडरको यांची वेबसाइट २००३ची, म्हणजे यूट्यूबच्याही दोन वर्षं आधीची. त्यांच्या शिकवण्याचा क्रम पाहण्यासारखा आहे. आधी डाव्या हाताची बोटं तारांवर नुसती टेकवून तारा म्यूट करायला लावतात, म्हणजे कॉर्ड, सूर, चूक-बरोबर सगळं बाजूला. उरतं नुसतं ‘चक-चक’. मग पाय आपटत चारही ठोक्यांवर डाउन. मग मध्ये अप. मग एकेक जागा गाळायची, पण हात थांबवायचा नाही. हा हात न थांबवण्याचा धोशा ते इतका लावतात की पाठ पाहणारा कंटाळतो. कंटाळावंच. गिटारवरचे सूर काढून टाकून आधी नुसता ठेका उभा करण्याचा हा क्रम आपल्याकडच्या कुठल्याही तबलजीला पटेल.

संगणकावर पाहत असाल तर एक गंमत करून बघा. व्हिडिओ थांबवा आणि कीबोर्डवरची पूर्णविरामाची कळ दाबा. चित्र एका फ्रेमने पुढे सरकतं. मिनिटाला ७५ ठोक्यांची लय असेल तर हाताच्या एका हालचालीला ०.४ सेकंद मिळतात आणि सेकंदाला ३० फ्रेमच्या व्हिडिओत त्या हालचालीच्या १२ फ्रेम होतात. ‘टू’चा डाउन आणि ‘थ्री’चा घोस्ट या दोन्हींच्या बारा-बारा फ्रेम एकामागून एक पाहा. चांगल्या वाजवणाऱ्याचं मनगट दोन्हींत सारख्याच वाटेने उतरतं, वेगही तोच. फरक कोपराजवळ असतो. घोस्टच्या वेळी सगळा हात गिटारच्या अंगापासून किंचित बाहेर कलतो आणि पिकचं टोक तारांच्या पुढून जातं. वर येताना तो पुन्हा आत कलतो आणि पातळ तारांना गाठतो. हे समोर बसलेल्या गुरूकडेही दिसतं, पण दोन-तीन सेकंदांत आवर्तन संपतं आणि ‘परत दाखवा’ असं पंधराव्यांदा म्हणायला धीर लागतो. व्हिडिओ वैतागत नाही.

आपल्या कानाला हा पॅटर्न इतका पटकन का रुचतो, याचं एक कारण मला केरव्यात दिसतं. धा गे ना ति, न क धि न. आठ मात्रा, सम पहिलीवर, खाली पाचवीवर. गिटारच्या आठ जागा या मात्रांवर ठेवून पाहा. तिसरा ठोका म्हणजे पाचवी मात्रा. ज्या जागी ठेक्यात खाली आहे, त्याच जागी गिटारचा हात तारा टाळून जातो. पुढे ‘धि’ला डग्गा परततो ती सातवी मात्रा. गिटारवरही सातव्या जागी, म्हणजे ‘फोर’ला, डाउन परत येतो आणि जाड तारा पुन्हा बोलतात. दोन्हींची जोड तंतोतंत लागते असं मात्र मी म्हणणार नाही. केरव्यात दुसऱ्या मात्रेला ‘गे’चा घुमारा आहे आणि गिटार तिथे गप्प आहे. शिवाय खाली म्हणजे शांतता नव्हे, तिथे ‘न’ वाजतोच, फक्त डग्ग्याचं वजन निघून जातं. पण वजन काढून घेऊन आवर्तनाचा मध्य जाणवून द्यायचा, ही जाण दोन्हीकडे एकच आहे.

वजनाचा विषय निघालाच आहे तर डाउन आणि अप यांच्या आवाजाकडे वळू. हे दोन्ही एकाच कॉर्डचे, पण त्यांचा पोत वेगळा. डाउनमध्ये पिक जाड तारेपासून सुरू होतं, त्यामुळे आधी खर्ज आणि मग झणकार. अपमध्ये पातळ तारा आधी लागतात आणि सहसा तीन-चार तारांवरच काम भागतं. खालच्या सुरांना धक्का न लावता वर नुसती चमक उमटते. म्हणजे एकाच हातात डग्गाही आला आणि चाटही आली. अपला सहाही तारा मोजून वाजवायला सांगणारे काही पाठ पाहिले आहेत. ते सरळ सोडून द्यावेत. पिक नवशिक्याला पातळ बरं पडतं, अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून थोडं कमी, कारण ते तारेवर वाकतं आणि अडकत नाही. मनगट सैल हवं, ओला हात झटकतो तसं.

इथे व्हिडिओ एक फसवणूक करतो, आणि तीही शिक्षकाची चूक नसताना. गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की तिचा मूळ सूर ८२ हर्ट्झच्या आसपास असतो. फोनचा चिमुकला स्पीकर तिथपर्यंत पोचत नाही. फोनवर पाठ ऐकणाऱ्याला डाउन आणि अप जवळजवळ सारखेच, पत्र्यासारखे ऐकू येतात, मग तोही तसंच बडवायला लागतो. साधा हेडफोन लावला तरी हा फरक ऐकू येतो. २०१६ साली जिओ आल्यावर मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि गिटारचे पाठ तालुक्याच्या गावापर्यंत पोचले ते फोनवरूनच, त्यामुळे ही गोष्ट बारीक समजू नये.

सहा स्ट्रोक बसले, घोस्ट जमला, तरी गाणं उभं राहीलच असं नाही. कोणत्या ठोक्यावर वजन द्यायचं हे राहतं. समेची सवय असलेला आपला हात आपसूक ‘वन’वर जोर देतो आणि सगळ्या गाण्यांना भजनाचा रंग चढतो. पाश्चात्त्य पॉप-रॉकमध्ये जोर ‘टू’ आणि ‘फोर’वर, जिथे ड्रमचा स्नेअर पडतो. पॅटर्न तोच, बाण तेच, आणि वजन सरकलं की गाण्याची चाल बदलते. माझा सल्ला असा की दोन्ही वाजवून पाहावं आणि कोणतंच चूक मानू नये. बॉब डिलनच्या १९७३च्या ‘नॉकिंग ऑन हेवन्स डोअर’ला चार कॉर्ड पुरतात, जी, डी, ए मायनर आणि सी. त्यावर वजनाचा हा खेळ करून पाहायला मोकळी जागा आहे.

आपण हे वजन कानात साठवलेलं आहे, फक्त त्याकडे कधी लक्ष दिलेलं नाही. ‘शोले’तला माउथ ऑर्गन प्रत्येकाला आठवतो. तो वाजवणारे भानू गुप्ता राहुल देव बर्मन यांच्या ताफ्यात गिटार वाजवत, हे त्या मानाने थोड्यांना ठाऊक. भूपिंदर सिंग म्हटलं की त्यांचा खर्जातला गळा आठवतो, ‘दम मारो दम’मधली त्यांची गिटार क्वचित. रिदम गिटारच्या नशिबी हेच असतं. ती बंद केली तर गाणं पोकळ होईल आणि चालू आहे तोवर ऐकू येणार नाही.

व्हिडिओमुळे उघड झालेलं आणखी एक गुपित. आवर्तनाचा शेवटचा अप, ‘फोर’च्या पुढचा ‘अँड’, नीट पाहा. डावा हात त्या वेळी कॉर्डवर नसतोच. तो पुढच्या कॉर्डकडे निघालेला असतो आणि उजवा हात मोकळ्या तारांवरून फिरून जातो. क्षणभर वाजतं ते कुठल्याच कॉर्डचं नसतं. नवशिक्याला ही चूक वाटते आणि ती टाळण्यासाठी तो उजवा हात थांबवतो, म्हणजे किरकोळ गोष्ट वाचवून लय घालवतो. मुरलेले वादक हा मोकळा अप बिनदिक्कत वाजवतात. दोन कॉर्डना सांधणारी ती एक झुळूक असते, आणि ती काढून टाकली तर वाजवणं यंत्रासारखं स्वच्छ आणि रुक्ष होतं.

ओअॅसिसचं १९९५चं ‘वंडरवॉल’ हे पुढच्या पायरीचं उदाहरण. तिथे ठोक्याचे चार भाग होतात, हात दुप्पट हलतो, आणि सहा स्ट्रोकांचा आपला पॅटर्न तोकडा पडतो. पण मला त्यात आवडतो तो डावा हात. कॅपो दुसऱ्या फ्रेटवर, आणि शेवटची दोन बोटं पातळ दोन तारांवर कॅपोपासून तिसऱ्या फ्रेटला रोवलेली. कॉर्ड बदलत जातात तशी बाकीची बोटं जागा बदलतात, ही दोन मात्र कडव्यातल्या चार मुख्य कॉर्डमध्ये हलत नाहीत. ‘जी’ कॉर्डचा मूळ सूर सा धरला तर ही दोन बोटं सा आणि प धरून बसलेली आहेत. तानपुरा ऐकत मोठ्या झालेल्या कानाला हे गाणं परकं का वाटत नाही, ते इथे समजतं.

सहा मात्रांची गाणी वाजवायला घेतली की गंमत वेगळीच होते, आणि आपल्याकडे दादऱ्यातली भावगीतं भरपूर. हात न थांबवता डाउन-अप, डाउन-अप, डाउन-अप असा चालू ठेवला तर पहिल्या मात्रेला डाउन येतो आणि चौथीला अप. म्हणजे आवर्तनाचा दुसरा भाग आपोआप हलक्या स्ट्रोकने सुरू होतो. दादऱ्यात चौथ्या मात्रेवर खाली असते. हाताच्या निसर्गानेच ती दाखवून दिली! तरी अनेक पाठांत सहा मात्रांसाठी चौथीवर मुद्दाम पुन्हा डाउन घ्यायला सांगतात, कारण पाश्चात्त्य गाण्यात तिथे वजन हवं असतं. भावगीत वाजवायचं तर हा सल्ला बाजूला ठेवावा आणि अप तसाच राहू द्यावा.

तक्रारी नाहीत असं नाही. ‘दहा मिनिटांत शिका’ म्हणणारे पाठ सर्रास बाण दाखवतात आणि घोस्टचा उल्लेखही करत नाहीत. बहुतेक व्हिडिओंची चौकट कमरेपाशी कापलेली असते, त्यामुळे शिक्षकाचा पाय दिसत नाही. तिसरा ठोका वाजतो तो पायात, आणि नेमका तोच चौकटीबाहेर! शिवाय व्हिडिओला आपलं वाजवणं ऐकू येत नाही, ही सगळ्यात मोठी उणीव. स्वतःचं वाजवणं फोनवर रेकॉर्ड करून मूळ पाठाशेजारी लावून ऐकलं तर ती थोडी भरून निघते. शिक्षक चूक दाखवतो तशी मात्र नाही. २०२०च्या टाळेबंदीत क्लास व्हिडिओ कॉलवर भरले तेव्हा वेगळीच पंचाईत झाली. आवाज पोचायला लागणाऱ्या विलंबामुळे गुरू आणि शिष्य एकत्र ठेका धरूच शकत नव्हते. रेकॉर्ड केलेल्या पाठाबरोबर मात्र बिनघोर वाजवता येतं. जिवंत माणसापेक्षा जुना व्हिडिओ बरा, असं म्हणायची वेळ त्या वर्षी अनेकांवर आली.

पुढच्या वेळी स्ट्रमिंगचा कुठलाही पाठ लावाल तेव्हा पहिल्यांदा तो आवाज बंद करून पाहा. कॉर्ड, गाणं, शिक्षकाचं बोलणं काही नको, फक्त उजवा हात. तो तारा न छेडता कुठे खाली येतो ते सापडलं की मग आवाज लावा, तारा म्यूट करा, मेट्रोनोम ६०वर ठेवा आणि वाजवायला लागा. तोंडाने मोजत राहा, आणि ‘थ्री’ मोठ्याने म्हणा.